एका दिवसाचे स्कीइंग आणि एक सेंटीमीटर मोठे बूट

टोकियोतला आमचा हा तिसरा हिवाळा. ऑफिसातले काही सहकारी सोमवारी सकाळी डोळ्यांभोवतीचा गॉगलच्या आकाराचा पट्टा सोडून उरलेला चेहरा रापवून येतात, एवढीच आमची स्कीइंगशी ओळख होती. या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी आणि माझे पती, दोघेही चाळिशी ओलांडलेले आणि बर्फावर कधी पाऊल न ठेवलेले, एका सहल-कंपनीच्या नवशिक्यांसाठीच्या एकदिवसीय सहलीला निइगाता प्रांतातल्या युझावा गावाजवळच्या एका स्की रिसॉर्टवर जाऊन आलो. माणशी २४,८०० येन मोजले. त्यात शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, जाण्यायेण्याचे तिकीट, स्थानकापासून रिसॉर्टपर्यंतची बस, दिवसभराचा लिफ्टचा पास, स्की, बूट, काठ्या आणि वरचे कपडे यांचे भाडे आणि दोन तासांची शिकवणी एवढे सगळे येते. कंपनीचे आणि रिसॉर्टचे नाव मी लिहीत नाही, कारण अगदी अशीच सहल या मोसमात अनेक कंपन्या विकतात आणि मला जे खटकले ते या साऱ्या व्यवस्थेच्या रचनेतच आहे असे मला वाटते.

सहल घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी घ्यावी असेच सांगेन. पण जाहिरातीत रेल्वे, बर्फ, डोंगर आणि हसरे चेहरे यांना जी जागा दिलेली असते, त्यातली निम्मी जागा बुटांना द्यायला हवी होती. पहिल्या दिवशी तुम्ही स्की कराल की नुसते पडाल, हे उतारावर ठरत नाही. ते बूट देणाऱ्या काउंटरवर ठरते, आणि नेमका तिथेच कंपनी माणशी तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत नाही.

प्रवासाबद्दल तक्रारीला जागाच नाही. टोकियो स्थानकावरून सकाळी सातच्या सुमारास सुटणारी जोएत्सु शिंकान्सेन आम्हाला सुमारे ८० मिनिटांत एचिगो-युझावा स्थानकात घेऊन गेली. वाटेत बराच वेळ खिडकीतून गुन्मा प्रांतातली कोरडी, तपकिरी शेते आणि निरभ्र आकाश दिसत होते, आणि बर्फाचा कुठे मागमूस नसल्यामुळे आपण भलत्याच गाडीत बसलो की काय अशी शंका माझ्या पतींनी दोनदा बोलून दाखवली. मग दाइशिमिझु बोगदा आला. त्याची लांबी २२ किलोमीटरहून जास्त आहे आणि शिंकान्सेनलाही तो ओलांडायला पाच-सहा मिनिटे लागतात. बोगद्याच्या पलीकडे छपरांवर माणसाच्या उंचीचा बर्फ साचलेला होता आणि आकाश शिशासारखे राखाडी होते. सैबेरियाकडून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरून जाताना त्या तुलनेने उबदार पाण्याची वाफ उचलतो, मधल्या डोंगररांगेवर आपटून वर चढतो आणि आपले सारे ओझे निइगाताच्या बाजूला टाकून मोकळा होतो. टोकियोच्या बाजूला उतरतो तो नुसता कोरडा वारा. हे मी पूर्वी वाचले होते, पण एका बोगद्याच्या दोन तोंडांशी दोन वेगळे ऋतू पाहिल्यावर ते खऱ्या अर्थाने कळले.

याच बर्फामुळे आमच्या हातून पहिली चूक झाली. युझावाच्या रस्त्यांच्या मध्यावर पाण्याच्या तोट्या बसवलेल्या आहेत. जमिनीखालचे पाणी बर्फापेक्षा बरेच उबदार असते, म्हणून ते सतत रस्त्यावर उडवून बर्फ वितळवला जातो. त्या पाण्यातल्या लोहामुळे डांबर गंजलेल्या पत्र्यासारखे तांबूस झालेले दिसते. दृश्य मोठे गमतीचे आहे, पण रस्ता ओलांडताना तळपायापर्यंत पाणी जाते. आम्ही रोजचे कापडी बूट घालून गेलो होतो आणि बसपर्यंतच्या पन्नास पावलांत दोघांचेही मोजे ओले झाले. सहलीच्या सूचनापत्रात कपड्यांबद्दल अर्धे पान मजकूर होता. घरून कोणती पादत्राणे घालून यावे याबद्दल एक ओळही नव्हती.

'मोकळ्या हाताने या' हे जाहिरातीतले आश्वासन अर्धेच खरे आहे. जाकीट आणि विजार भाड्यात मिळतात आणि दोन्ही चांगल्या प्रतीची होती. जाकिटाच्या आतल्या बाजूला, कमरेशी, बर्फ आत शिरू नये म्हणून बटणांची एक जादा झालर असते आणि डाव्या बाहीवर लिफ्टचा पास ठेवायला छोटा खिसा असतो, त्यामुळे फाटकाशी पास बाहेर काढावा लागत नाही. पण हातमोजे, गॉगल आणि टोपी स्वच्छतेच्या कारणावरून भाड्याने देत नाहीत, ती तिथल्याच दुकानातून विकत घ्यावी लागतात, आणि त्यात आमचे दोघांचे मिळून ११,००० येन गेले. हेल्मेट भाड्याने मिळते, पण त्याचे १,००० येन वेगळे. नवशिक्यांसाठी म्हणून विकलेल्या सहलीत हेल्मेट हा ऐच्छिक खर्च असावा हे मला अजिबात पटलेले नाही. ज्याला अजून थांबता येत नाही, त्याच्या डोक्याची किंमत बिलात वेगळी लावण्यापेक्षा मूळ रकमेतच हजार येन वाढवलेले परवडले असते.

आता बुटांकडे वळते. काउंटरवर आधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात उंची, वजन, वय, पावलाची लांबी आणि 'पातळी' असे रकाने असतात. वजनाचा रकाना पाहून पुष्कळ जण थबकतात. माझ्या शेजारच्या बाईंनी तर नवऱ्याकडे पाठ करून तो भरला. पण या रकान्यात लाजून चालत नाही. बूट स्कीला कायमचा जखडलेला नसतो. त्याला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगमध्ये पुढे आणि मागे स्प्रिंगा असतात, आणि पडताना पायावर ठराविक पीळ आला की ती पकड सुटून बूट मोकळा होतो. तो पीळ किती असावा, हे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरवून स्क्रूने लावतात. वजन फार कमी लिहिले तर स्की नको तेव्हा निसटते, आणि आकडा फुगवला तर हवी तेव्हा सुटत नाही व सगळा पीळ गुडघा सोसतो.

मी पावलाची लांबी २४.५ सेंटीमीटर लिहिली, कारण रोजचे बूट मी त्याच मापाचे घेते. काउंटरवरच्या तरुणाने मान लववली, आत गेला आणि २५.५ मापाचे बूट घेऊन आला. २४.५ संपले आहेत, जाड मोजे घातले की हे बसतील, असे त्याने अत्यंत अदबीने सांगितले. माझ्या मागे पंचवीस-तीस माणसांची रांग होती. मी मोजे बदलले, पाय आत घातला, चार बकले ओढून लावली, आणि घोट्याभोवती सर्वत्र टणक प्लास्टिक लागल्यामुळे बूट 'घट्ट' आहे अशी माझी समजूत झाली. स्की बूट घातल्यावर कोणालाही तसेच वाटते. ते प्लास्टिक पोटरीपर्यंत येते, माणूस एकदम उंच होतो आणि जिना उतरणे हा स्वतंत्र खेळ होऊन बसतो. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला चुकीचे माप ओळखण्याचे काही साधनच नसते. काउंटरवर कोणीही मला उभे राहून गुडघे वाकवायला सांगितले नाही.

शिकवणी मात्र फार चांगली झाली. आमच्या गटात सहा जण होते आणि शिक्षक साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, त्याच डोंगराखाली वाढलेले गृहस्थ होते. त्यांचे इंग्रजी तीस-चाळीस शब्दांचे असेल, पण त्या शब्दांत त्यांनी जे शिकवले त्यात एकही वाक्य वाया गेले नाही. पहिल्या तासात त्यांनी आमच्या काठ्या गोळा करून कुंपणाला टेकवून ठेवल्या. काठी हातात असली की माणूस तिच्यावर भार टाकतो आणि पायांकडे दुर्लक्ष करतो, असे त्यांचे म्हणणे. मग ते जरा अभिमानाने म्हणाले की जपानी लोक स्की करायला शिकले ते याच प्रांतात आणि एकाच काठीवर. थिओडोर फॉन लेर्ख हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले मेजर. १२ जानेवारी १९११ रोजी त्यांनी ताकादा इथल्या पलटणीला स्कीइंगचे पहिले धडे दिले. त्यांच्या पद्धतीत दोन आखूड काठ्या नसून एकच लांब काठी असे. जपानमध्ये १२ जानेवारी हा दिवस म्हणूनच 'स्की दिन' मानला जातो. ही माहिती सांगून झाल्यावर, आपल्याला अजून एकही काठी मिळणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आधी एकाच पायाला स्की लावून, दुसऱ्या पायाने मागे ढकलत, मुले स्कूटर चालवतात तसे गोल फिरायला लावले. मग दोन्ही स्की लावून उताराला आडवे उभे राहायचे आणि कडेने, एकेक पाऊल, जिना चढावा तसे वर जायचे. मग पडायचे. पडायलाही शिकवावे लागते हे मला नवीन होते: पुढे-मागे न पडता कडेला, पार्श्वभागावर बसावे, उठताना स्की उताराच्या दिशेला आडव्या करून घ्याव्यात, नाहीतर अर्धवट उठलेला माणूस बसल्या जागेवरून खाली चालू लागतो. आमच्यातले एक गृहस्थ असे वीस-पंचवीस फूट गेले आणि कुंपणाच्या जाळीत शांतपणे थांबले.

त्यानंतर वेग आवरण्याची ती प्रसिद्ध रीत आली: स्कींची पुढची टोके जवळ, मागची टोके लांब. शिक्षकांनी बर्फावर काठीने जपानी लिपीतले 'हा' हे अक्षर काढले. त्या अक्षरात दोनच रेघा असतात, वर जवळ आलेल्या आणि खाली फाकलेल्या. ते सारखे 'हा, हा' म्हणत, आणि लांबून पाहणाऱ्याला ते आमच्यावर हसत आहेत असे वाटले असते. अक्षर रुंद केले की वेग कमी होतो, अरुंद केले की वाढतो, आणि एका पायावर भार जास्त दिला की माणूस विरुद्ध बाजूला वळतो. म्हणजे डावीकडे वळायचे असेल तर उजव्या पायावर उभे राहायचे. ऐकायला हे सोपे आहे. आमच्या यजमानांना, म्हणजे माझ्या पतींना, ते पंधरा मिनिटांत जमले. मला तासाभरात जमले नाही.

तोपर्यंत मी सगळा दोष स्वतःच्या चाळिशीला देऊन टाकला होता. मी उजव्या पायावर भार टाकत होते, टाच बाहेर ढकलत होते, मांड्या दुखेपर्यंत जोर लावत होते, आणि स्की मात्र सरळ पुढेच जात होत्या. नडगीवर बुटाची पुढची कड एकाच जागी आपटत होती. शिक्षकांनी मला उभे केले, स्वतः गुडघ्यांवर बसले, माझ्या दोन्ही बुटांना हात लावला आणि पुढे झुकायला सांगितले. मी झुकले. बूट जागच्या जागी राहिला आणि आतमध्ये माझी टाच चांगली बोटभर वर आली. त्यांनी नुसते 'आ' केले. पायात बूट नव्हताच. पाय एका बादलीत उभा होता. मी पायाने जे काही सांगत होते, ते बुटाच्या आतल्या पोकळीत विरून जात होते आणि स्कीपर्यंत पोचतच नव्हते.

त्यांनी शिकवणी थांबवून, गटाला सोप्या उतारावर सोडून, मला स्वतः काउंटरपर्यंत नेले. तिथे त्यांनी जे पाच मिनिटांत केले ते सकाळीच व्हायला हवे होते, म्हणून सविस्तर लिहिते. बुटाच्या आतला मऊ भाग काढून त्यांनी माझा पाय नुसत्या प्लास्टिकच्या कवचात घालायला लावला, बोटे पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागच्या फटीत आपली बोटे घालून पाहिली. दोन बोटे जेमतेम मावावीत, माझ्या बुटात तीन बोटे सहज जात होती. मग जाड मोज्यांवर बोट ठेवून त्यांनी मान हलवली. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याजवळ जाणारा हवा. दोन मोजे घातले की मध्ये घड्या पडतात, घाम साचतो आणि पाय उलट गार पडतात. पुन्हा शोधल्यावर २४.५ मापाचा जोड निघाला. तो 'संपलेला' नव्हता, फक्त वरच्या फळीवर होता. तो घालून सरळ उभे राहिले तर बोटे पुढे हलकीशी टेकत होती, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तीच बोटे मागे सरत होती. बूट बरोबर आहे याची हीच खूण, असे ते म्हणाले.

एवढ्यावर संपले असते तर मी हा परिच्छेद लिहिला नसता. काउंटरवरचा तरुण नव्या बुटांसह मला बाहेर सोडायला निघाला होता. शिक्षकांनी त्याला थांबवले आणि बुटाच्या टाचेजवळ कोरलेला आकडा दाखवला. जुन्या बुटावर २९५ होता, नव्यावर २८५. तळाची लांबी दहा मिलिमीटरने कमी झाल्यावर बाइंडिंगची मागची पकड पुढे सरकवून पुन्हा तपासायला हवी, नाहीतर बूट नीट धरला जात नाही किंवा धरल्यासारखा वाटून भलत्या वेळी निसटतो. तो तरुण ओशाळला, पुन्हा पुन्हा क्षमा मागू लागला, आणि त्याची मला खरोखर दया आली, कारण सकाळपासून त्याच्यासमोरची रांग कधी पंधराच्या खाली गेली नव्हती. मोसमापुरत्या कामावर ठेवलेल्या एका मुलाच्या हातात शेकडो लोकांचे गुडघे देऊन बाकीची माणसे तिकीट-खिडकीवर बसवणाऱ्यांकडे बोट दाखवायला हवे.

या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली. परत उतारावर आले, 'हा' काढला, उजव्या पायावर उभी राहिले आणि डावीकडे वळले. इतकेच. कोणतीही युक्ती नवीन शिकले नव्हते. ज्या हालचाली मी तासभर व्यर्थ करत होते, त्याच आता स्कीला ऐकू येत होत्या. पतींचे बूट सकाळपासून बरोबर मापाचे होते, आणि आमच्या दोघांमधला तो तासाभराचा फरक कौशल्याचा नव्हता हे मी त्यांना जेवताना दोनदा सांगितले.

जेवणाबद्दल थोडक्यात. उपाहारगृहात शनिवारी बारा ते एक या वेळात ताट हातात घेऊन जागा शोधत फिरावे लागते. शाकाहारी माणसाला तिथे फारसे काही नाही, कारण साध्या दिसणाऱ्या करीत मांसाची चरबी आणि नूडल्सच्या पाण्यात माशाचा अर्क असतो. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती आणि बाहेरचे अन्न चालणाऱ्या विश्रांतिकक्षात बसून खाल्ली. ज्यांना चालते त्यांनी मात्र साडेअकरालाच जेवून घ्यावे.

दुपारी शिक्षक नव्हते, आणि सहलीच्या रचनेतली दुसरी उणीव तिथे कळली. दोन तासांच्या शिकवणीत माणूस जेमतेम थांबायला शिकतो, आणि लिफ्टवर पहिल्यांदा बसण्याची वेळ येते ती एकट्याने. दोन माणसांच्या बाकाची ती जुनी, सावकाश फिरणारी लिफ्ट होती. तिथला कर्मचारी प्रत्येक बाकावरचा बर्फ झाडूने झाडून देई आणि आमचे अवघडलेले चेहरे पाहून त्याने लिफ्टचा वेगही कमी केला. बसणे जमले. वर उतरताना मी डावीकडे गेले, पती उजवीकडे जायच्या ऐवजी माझ्यावर आले, आम्ही दोघे उताराच्या तोंडाशी आडवे झालो आणि सगळी लिफ्ट थांबली. मागच्या बाकांवरची माणसे अधांतरी झुलत राहिली. कोणीही काही बोलले नाही, आणि तेच जास्त लागले. लिफ्टवरून उतरताना स्की समांतर आणि टोके वर धरून, बाक सोडून उभे राहायचे आणि उतार संपेपर्यंत काहीही करायचे नाही, हे वाक्य शिकवणीत असते तर बरे झाले असते.

इथे उतार रंगांनी ओळखतात: हिरवा सोपा, लाल मधला, काळा अवघड. आम्ही दिवसभर हिरव्यावरच राहिलो. तो वरून खालपर्यंत साधारण किलोमीटरभर होता आणि मधे एका वळणावर बराच अरुंद झाला होता. तिथे वेगाने येणारे अनुभवी लोक मागून आले की छातीत धस्स होते, पण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांप्रमाणे खालच्या माणसाला सांभाळून घेण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची असते. त्यामुळे मागे वळून पाहत बसू नये. आपण जिकडे बघतो तिकडेच स्की जातात, आणि मागे पाहणारा माणूस कुंपणाकडे जातो. उभे राहून दम खायचा असेल तर अरुंद जागी किंवा चढाच्या आड थांबू नये, कडेला यावे.

दोनच्या सुमारास बर्फ पडू लागला. या भागातला बर्फ समुद्राजवळचा असल्यामुळे दमट आणि जड असतो. हातमोज्यावर पडलेला थर झटकला तरी पाणी राहते. त्याहून अडचण झाली ती प्रकाशाची. आकाश आणि जमीन एकच रंगाची झाली की सावल्या नाहीशा होतात, आणि समोरचा उंचवटा पायाखाली आल्याशिवाय कळत नाही. दुकानात आम्हाला आरशासारखे काळे गॉगल उन्हासाठी उत्तम म्हणून दिले होते, आणि ढगाळ हवेत ते डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखे झाले. पिवळी किंवा नारिंगी काच अशा वेळी कामी येते. ऊन नसले तरी चेहऱ्याला क्रीम मात्र लावावे. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, आणि ढगातूनही ते बरेचसे खाली येतात. माझ्या हनुवटीखालची, म्हणजे जिथे वरून ऊन लागण्याचा संभवच नाही तिथली कातडी दुसऱ्या दिवशी सोलवटली होती.

त्या बर्फातच एक फेरी अशी झाली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सहाव्यांदा वरून निघाले, अरुंद वळणाशी कोणीही नव्हते, आणि 'हा' काढण्यासाठी लावायचा जोर अचानक कमी लागू लागला. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा, असे मी न पडता, न थांबता खालपर्यंत आले. आवाज फक्त स्कीखाली घासल्या जाणाऱ्या बर्फाचा होता, धान्य पाखडताना सुपात येतो तसा. खाली पोचल्यावर मागे वळून पाहिले तर माझ्याच वळणांची नागमोडी खूण दिसली, आणि दोन मिनिटांत नव्या बर्फाने ती बुजवून टाकली.

तेवढ्यात पावणेचार वाजले. सव्वाचारच्या बससाठी सामान परत करायची वेळ झाली होती. जाहिरातीत 'सात तास बर्फात' असे लिहिले होते. मी घरी येऊन हिशेब केला: बस, फॉर्म, कपडे, काउंटरची रांग, चुकीचे बूट, जेवण आणि परत करण्याची रांग वजा जाता, प्रत्यक्ष पायात स्की असण्याचा वेळ साडेतीन तासांच्या आसपास भरला. सात तास हा खोटा आकडा नाही, पण तो रिसॉर्टच्या आवारात असण्याचा वेळ आहे. संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यात बुडून घरी जायचे युझावातले सुख या वेळापत्रकात बसत नाही, त्याची जाहिरातीतली छायाचित्रे मात्र मोठी आहेत.

परत आल्यावर मी कंपनीला बुटांबद्दल सविस्तर पत्र लिहिले. तीन दिवसांत नम्र उत्तर आले. सामानाचे काउंटर रिसॉर्टने दुसऱ्या ठेकेदाराला दिलेले आहे, त्यामुळे तिथल्या कामाची जबाबदारी कंपनीकडे येत नाही, तरी झालेल्या गैरसोयीबद्दल पुढच्या सहलीत १,५०० येनची सूट देऊ, असे त्यात होते. सूट मिळाली हे ठीक. पण पैसे घेताना सगळे एकाच कंपनीच्या नावाने घ्यायचे आणि चूक झाली की तिचे तीन वाटे करायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

ज्यांना सहल-कंपनीची गरजच वाटत नाही, त्यांच्यासाठी गाला युझावा हे स्थानक आहे. डिसेंबर १९९० मध्ये सुरू झालेले हे स्थानक फक्त मोसमात चालू असते आणि शिंकान्सेनची गाडी तिथे थेट स्की केंद्राच्या इमारतीतच संपते, त्यामुळे बसचा आणि ओल्या बुटांचा प्रश्न उरत नाही. तिकीट, पास, भाडे आणि शिकवणी यांची नोंदणी वेगवेगळी करावी लागते, पण वेळ आपल्या हातात राहतो. भाषेची अडचण असलेल्यांनी मात्र पहिल्यांदा कंपनीबरोबरच जावे; शिकवणी दोन तासांऐवजी पूर्ण दिवसाची घ्यावी, जमल्यास शनिवार-रविवार टाळावेत, आणि काउंटरवर रांग कितीही मोठी असो, गुडघे वाकवून बघितल्याशिवाय जागचे हलू नये.

आमची पुढची नोंदणी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारची आहे, आणि तेच शिक्षक मागितले आहेत. त्याआधीच्या शनिवारी मी स्की सामानाच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टोकियोतल्या कांदा-ओगावामाची भागात गेले आणि एका दुकानात पाऊल मोजून घेतले. तिथल्या माणसाने मला धातूच्या पट्टीवर दोन्ही पायांवर उभे केले, मग एकेका पायावर, आणि दोनदा आकडा वाचला. तो २४.५ नव्हता, २४ होता. इतकी वर्षे मी बूट अर्धा सेंटीमीटर मोठेच घेत होते. स्की बुटांची कवचे बहुधा पूर्ण सेंटीमीटरच्या मापात बनतात आणि २४ व २४.५ यांना एकच कवच असते, असे त्याने सांगितले, तेव्हा त्या दिवशी फॉर्मवर मी केलेली चूक माझ्यापुरती राहिली.